वय झाले म्हणून सोडून देऊ नका

गेल्या महिन्यात इन्सुलीतील एक तरुण सकाळीच दवाखान्यात आला. त्याचे वडील अंगणात घसरून पडले होते, म्हणून गोव्यात नेऊन त्यांच्या डोक्याचा सी.टी. स्कॅन करून घेतला होता. हाड मोडले नव्हते, रक्तस्राव नव्हता. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने त्यांचा अर्थ सांगितला आणि घरात कुणाला झोप लागली नाही. “डॉक्टरांनू, बाबांचो मेंदू सुकलो असा लिवलेला आसा. आता काय करूचा?” असे म्हणत त्याने पाकीट माझ्यापुढे ठेवले. त्याच्यासोबत आलेली आत्या मात्र शांत होती. ती म्हणाली, “वय झाला मां! आता असाच चलतला.”

मुलगा नको इतका घाबरला होता आणि आत्याने नको इतक्या लवकर हात टेकले होते. वाचकहो, या दोन टोकांच्या मध्ये जे खरे आहे ते आज सांगायचे आहे. ‘वय झाले’ हे दोन शब्द मीही अनेक वर्षे रुग्णांच्या नातेवाईकांना सांगत आलो. आता ते सांगताना माझी जीभ अडखळते. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईल.

आपल्या घरात माळ्यावर ठेवलेला नारळ सर्वांनी पाहिला आहे. ओला असताना खोबरे करवंटीला घट्ट चिकटलेले असते. वाळत गेला की खोबरे करवंटीपासून सुटते आणि हलवला तर आत गोटा खुळखुळतो. मेंदूचे थोडे तसेच आहे. कवटी आहे तेवढीच राहते, आतला मेंदू हळूहळू आटतो आणि मोकळी झालेली जागा पाण्यासारख्या द्रवाने भरते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत तो सुमारे पाच टक्के घटतो आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो, असा सर्वसाधारण हिशोब सांगितला जातो. मेंदूत आठवणी साठवण्याच्या कामी येणारा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा छोटा भाग आहे. उतारवयात तो दर वर्षी एक ते दोन टक्के आकसतो.

तेव्हा सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टात आकुंचन लिहून आले म्हणजे वेड लागणार किंवा स्मृतिभ्रंश होणार, असे मुळीच नाही. केस पांढरे होतात तसे हेही होते. मेंदू थोडा आटलेला असूनही पोथी वाचणारे, हिशोब ठेवणारे, नातवंडांची लग्ने जुळवणारे कितीतरी आजोबा आपल्या गावांत आहेत.

पण सर्वांचे केस एकाच वयात पांढरे होत नाहीत, तसे सर्वांचे मेंदूही एकाच वेगाने आटत नाहीत. हा वेग कशाने वाढतो? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील लोकांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला आणि पुढे त्यांच्या मुलांचाही झाला. २०११ साली त्यातील १,३५२ माणसांच्या मेंदूंची माहिती प्रसिद्ध झाली. अभ्यासाच्या सुरुवातीला त्यांचे सरासरी वय ५४ होते आणि स्मृतिभ्रंश कुणालाही नव्हता. दहा वर्षांत काय दिसले? ज्यांचा रक्तदाब पन्नाशीत वाढलेला होता, त्यांच्या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या इजेचे डाग वेगाने वाढले. मधुमेह असणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस लवकर आकसला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा संपूर्ण मेंदूच इतरांपेक्षा लवकर घटला. ज्यांच्या पोटाचा घेर मोठा होता, त्यांच्यातही वेगाने घट होणारे अधिक होते.

म्हणजे म्हातारपणी मेंदू कसा राहील याचा पाया पन्नाशीत, किंबहुना चाळिशीत पडतो. हा लेख आजोबांसाठी आहे, तितकाच तो त्यांच्यासाठी पेपर विकत आणणाऱ्या मुलासाठीही आहे.

पहिला मुद्दा रक्तदाबाचा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. तो केसासारख्या बारीक नळ्यांतून पोचतो. वर्षानुवर्षे दाब जास्त राहिला की या नळ्या जाड आणि कडक होतात आणि त्यांच्या टोकाचे शेत पाण्यावाचून सुकते. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. आपल्या जिल्ह्याला तर सबब सांगायला जागा नाही. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात घेतलेल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजता येतो, गोळीही मिळते. तरीही माझ्याकडे येणारे कितीतरी जण “बरा वाटला म्हणान गोळी बंद केलंय” असे सांगतात. बरे वाटले ते गोळीमुळे, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली आले. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात विस्मरणाची पहिली पायरी मानली जाणारी अवस्था १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्येक वृद्धाचा दाब इतका खाली आणावा असा याचा अर्थ नव्हे. उठताना चक्कर येणाऱ्याला ते झेपणार नाही. किती ठेवायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण मोजायला तर हवा!

आता कबुली देतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर घरामागची माडा-पोफळींची बाग त्यांनीच पाहिली. पाटाचे पाणी वळवणे, झावळ्या गोळा करणे, सुपाऱ्या सोलणे, शनिवारी बाजारात जाऊन भाव करणे असा त्यांचा दिवस भरलेला असे. ते सत्तर वर्षांचे झाले आणि मला वाटले, आता यांना सुख द्यावे. बागेला गडी ठेवला. पडवीत आरामखुर्ची आणली, समोर टीव्ही लावला. “बाबा, खूप केलेत, आता बसा,” असे मीच म्हणालो. ते बसले. प्रथम बाजार सुटला, मग देवळाच्या पारावरचे बसणे सुटले. दोन वर्षांत ते गड्याचे नाव विसरू लागले. एकदा बांद्याला गेले आणि घरी येणारी एस.टी. कोणती हेच त्यांना आठवेना. ओळखीच्या कंडक्टरने त्यांना आणून सोडले. तेव्हा मी त्यांचा रक्तदाब मोजला. तो भयंकर वाढलेला होता. साऱ्या पंचक्रोशीचा दाब मोजणाऱ्या या डॉक्टरने स्वतःच्या बापाचा दाब तीन वर्षांत मोजला नव्हता. पुढे स्कॅन केला, त्यात मेंदू आटलेला दिसला आणि जागोजागी रक्त न पोचल्याच्या लहान लहान खुणा दिसल्या.

त्यांचे विस्मरण खुर्चीमुळे झाले की दाबामुळे की आणखी कशामुळे, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बाबा आता नाहीत. पण त्या तीन वर्षांत मनातल्या मनात मी ‘वय झाले’ एवढेच म्हणत होतो. म्हणून ते शब्द आज मला खुपतात.

या खुर्चीविषयी माझे मत ठाम आहे. आपण वृद्धांच्या हातातले काम प्रेमाने काढून घेतो आणि त्यातच त्यांचे नुकसान करतो. २०११ सालीच अमेरिकेतील कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० वृद्धांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चालायला लावले आणि हळूहळू ते ४० मिनिटांपर्यंत नेले. उरलेल्यांकडून केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करून घेतले. वर्षाने पाहिले तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा सुमारे दीड टक्क्याने आकसला होता. औषध नाही, यंत्र नाही, नुसते चालणे! इन्सुलीसारख्या गावात वाडीवाडीतून जाणारी पायवाट आहे, पाणंद आहे. सकाळी हमरस्त्यावरून मात्र चालू नका. गोव्याच्या गाड्या थांबत नाहीत.

शरीराबरोबर डोक्यालाही काम हवे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असे २००० साली दिसून आले. आपल्याकडचे उदाहरण तर अधिक गोड आहे. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला. इन्सुलीचा माणूस घरात मालवणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, सीमेपलीकडे गोव्याच्या बाजारात कोकणीत भाव करतो आणि हमरस्त्यावर ट्रकवाल्याशी हिंदीत भांडतो. ही आपली मिळकत आहे. नातवंडांनी मालवणी बोलू नये असा आग्रह धरणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा.

आता अवघड विषय. आमच्या इन्सुलीचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या तपासणी नाक्यामुळे. गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी याच पेपरात अनेकदा असते. पण जी बाटली नाका चुकवून घरी पोचते ती मेंदूचा नाका चुकवत नाही. रोज जेवणाआधी ‘औषध म्हणून’ थोडी घेणारे काका गावोगाव आहेत. थोडीशी दारू हृदयाला चांगली, असे पूर्वी डॉक्टर मंडळीही म्हणत. आता तसे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये ५५० लोकांच्या पिण्याची नोंद तीस वर्षे ठेवून मग त्यांचे मेंदू तपासले. २०१७ साली आलेल्या त्या अहवालात जितकी दारू जास्त तितका हिप्पोकॅम्पस आकसण्याचा धोका जास्त, असे दिसले. बेताने पिणारेही त्यातून सुटले नव्हते. २०२२ साली तेथीलच ३६ हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनमध्ये दिवसाला एक-दोन युनिट घेणाऱ्यांच्या मेंदूचा आकारही थोडा कमी आढळला. आपल्याकडचा ३० मिलीचा लहान पेग म्हणजे एका युनिटपेक्षा किंचित जास्तच. शिवाय पिणारा नीट जेवत नाही. त्याला ब-१ जीवनसत्त्व कमी पडते आणि आठवणींचे केंद्र कायमचे बिघडू शकते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करून घरात झोपून राहू नये. थरथर, भास, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

तंबाखूचेही असेच. विडी ओढणाऱ्या आजोबांना सगळे बोलतात, पण मशेरी लावणाऱ्या आजीला कोणी काही म्हणत नाही. तिच्यातही निकोटिन असते आणि ते दाब वाढवते.

जेवणात आपण कोकणी माणसे नशीबवान आहोत. ताजे मासे, कुळीथ, उकडा तांदूळ, पालेभाजी, सोलकढी यांत खोट काढण्यासारखे फार थोडे आहे. उकड्या तांदळात ब-१ जीवनसत्त्व पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त राहते. खोट आहे ती मिठाची. पेजेबरोबर लोणचे, सुका बांगडा, खारवलेली कैरी, वर पापड! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. सुक्या माशाचा एक तुकडा पुरे, आणि तोही पाण्यात भिजवून पाणी टाकून.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळी सूचना आहे. ब-१२ जीवनसत्त्व मासे, मांस, अंडी आणि दुधातून मिळते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातील ४४१ पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यात दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी होते. ते कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो. ऑक्सफर्ड येथील २०१० सालच्या प्रयोगात किंचित विस्मरण असलेल्या वृद्धांना ब गटातील जीवनसत्त्वे दोन वर्षे दिली, तेव्हा मेंदू आटण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी मंदावला. हा फायदा मुख्यतः ज्यांचे होमोसिस्टीन वाढलेले होते त्यांना झाला. म्हणून सरसकट इंजेक्शने घेत सुटू नका. आधी रक्त तपासा. उतारवयात आतड्यातून ब-१२ कमी शोषले जाते आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते घटू शकते, म्हणून मासे खाणाऱ्यांनीही गाफील राहू नये. बाकी स्मरणशक्तीच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर पेन्शन उडवू नका. आटलेला मेंदू पूर्ववत करणारे टॉनिक अजून निघालेले नाही.

कान आणि डोळे यांचा मेंदूशी काय संबंध, असे वाटेल. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबणीवर पडू शकतील, असा तिचा अंदाज आहे. त्यात दाब, मधुमेह, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठेपणा यांच्याबरोबर ऐकू न येणे, उपचार न केलेले दृष्टिदोष, नैराश्य आणि एकटेपणाही आहे. ऐकू येत नाही म्हणून आजोबा बोलणे टाळतात, बोलत नाहीत म्हणून कोणी विचारत नाही. मोतीबिंदूमुळे पेपर सुटतो. मेंदूकडे येणाऱ्या वाटाच अशा एकेक करून बंद होतात.

एकटेपणा तर आपल्या कोकणाचा जुना दुखरा भाग. मुलगे मुंबईला, गोव्याला; गावातल्या मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे, पुष्कळदा एकच. जपानमध्ये आठ हजारांहून अधिक वृद्धांच्या पाहणीत, ज्यांचा आप्तेष्टांशी संपर्क कमी त्यांच्या मेंदूचा आकार थोडा कमी असल्याचे २०२३ साली आढळले. एकटेपणामुळे मेंदू आटला की मेंदू आटल्यामुळे माणूस एकटा पडला, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण चाकरमान्यांनो, गणपतीला येताना रंगीत टीव्हीपेक्षा मोठा घ्यावा असा पाहुणचार म्हणजे रोजचा दहा मिनिटांचा फोन. आणि त्या फोनवर “जेवलात काय?” एवढेच न विचारता “पोफळीक पाणी कधी सोडूचा?” असा सल्लाही विचारा. सल्ला देताना म्हातारा माणूस विचार करतो, आठवतो, रागावतोही. ते सारे चांगलेच आहे.

पूर्वी मी करत असे ती एक चूक मात्र कोणी करू नये. प्रत्येक विस्मरण वयाच्या खात्यावर टाकू नका. थायरॉइड मंदावणे, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही माणूस विसरभोळा होतो आणि उपचारांनी सुधारतो. पावसाळ्यात शेवाळावरून घसरून डोक्याला मार लागलेल्या वृद्धांवर तर खास लक्ष ठेवा. मेंदू आटलेला असला की त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या असतात. लहानशा माराने त्या तुटतात आणि रक्त हळूहळू साचत राहते. पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी पुढच्या काही आठवड्यांत डोकेदुखी, गुंगी, चालताना झोक जाणे, अचानक गोंधळणे असे दिसले तर ताबडतोब दाखवा. वेळीच रक्त काढले तर असा माणूस बहुधा सावरतो.

त्या तरुणाला मी हेच सांगितले. आत्याला विचारले, “बाबांचा दाब शेवटचा कधी बघितला?” कोणालाच सांगता आले नाही. मोजला तर १७० निघाला. गोळी सुरू केली, जेवणाआधीची ‘औषधी’ बंद करायला लावली, मीठ कमी करायला सांगितले. पाठोपाठ मुलगा म्हणाला, “आता त्यांका बागेत पाठवणंय नाय.” मी म्हणालो, “अरे, पायरीवरचे शेवाळ घासून काढ, धरायला बांबू लाव, आणि पाठव!”

आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातील चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते विचारा. उत्तर आठवत नसेल तर उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जा. आणि जाताना वडिलांना गाडीवर बसवू नका. वाट सुरक्षित असेल आणि पाय धड असतील, तर त्यांच्याबरोबर चालत जा.